पहिला खर्डा पुरा कसा करता? नोकरी-घर सांभाळून कादंबरी लिहिणाऱ्यांसाठी धागा

प्रेरणा, प्रतिभा, ‘मूड’ हे विषय इथे नकोत. किती वाजता, कशावर, किती शब्द, कुठे अडतं आणि का अडतं, एवढंच लिहा. पुनर्लेखन आणि प्रकाशक नंतर बघू.

बँकेतली नोकरी, डोंबिवली

आधी हिशेब. डेमी, म्हणजे कादंबऱ्यांच्या नेहमीच्या, आकाराच्या छापील पानात साधारण २५० ते ३०० शब्द बसतात. म्हणजे दोनशे पानी कादंबरी झाली ५० ते ६० हजार शब्दांची. रोज ३०० शब्द, आठवड्याचे पाच दिवस, असं धरलं तर ६० हजारांना ४० आठवडे लागतात. पण ४० आठवडे सलग कोणाला मिळतात? गणपती, दिवाळी, मुलांच्या परीक्षा, घरातलं एखादं लग्न, आणि बँकवाल्यांचा अख्खा मार्च. हे आठवडे कॅलेंडरवर आधीच खोडून ठेवा आणि वर्ष धरून चाला. खोडले नाहीत तर त्या दिवसांचा अनुशेष साठतो. अनुशेष पाच हजारांवर गेला की वही उघडवत नाही.

नोव्हेंबरात ३० दिवसांत ५०,००० शब्द लिहायचं ते अमेरिकी आव्हान अजून पुष्कळजण डोक्यात धरून बसतात. ते चालवणारी संस्था २०२५ मध्ये बंद झाली, पण रोज १,६६७ शब्दांचा आकडा काही जात नाही. आपल्याकडे नोव्हेंबरात बहुधा दिवाळी किंवा तिचा शीण असतो. शिवाय मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात. ‘समोरच्यांच्या ओसरीवरून’ हे मोजणीत दोनच शब्द, इंग्रजीत त्याचे पाच-सहा होतील. तिकडचा आकडा जसाच्या तसा घेतला तर आपण जास्त काम अंगावर घेतो.

शाळेत शिक्षिका, दोन मुलं

वेळ पहाटेची, पाच ते पावणेसहा. रात्रीची नको, कारण रात्री दमलेलं डोकं नवं लिहीत नाही, जुनंच सुधारत बसतं. दोनशे पानी लाँगबुक घ्यायचं आणि फक्त उजव्या पानावर लिहायचं. डावं पान दुरुस्त्या, पात्रांची वयं, नातीगोती यांच्यासाठी कोरं ठेवायचं.

प्रसंग संपवून उठू नये. संवादाच्या मध्यात, पुढचं वाक्य माहीत असताना थांबावं आणि ते वाक्य डाव्या पानावर टिपून ठेवावं. पंचेचाळीस मिनिटांतली पंधरा ‘कुठे होतो बरं’ यात जातात, ती यातून वाचतात. कुकरच्या शिट्ट्या मोजताना गद्य सुचत नाही, पण उद्याच्या प्रसंगात कोण आत येतं आणि कोण काय लपवतं, एवढं नक्की ठरवता येतं.

घरच्यांना ‘मला लिहायचंय’ असं सांगून उपयोग नाही. ‘पावणेसहापर्यंत दार लावलेलं असेल, दूध आलं तर तुम्ही घ्या’ असं सांगावं.

लोकलने प्रवास, मोबाइलवर लिखाण

उभं राहून अंगठ्याने वर्णन लिहिता येत नाही, संवाद येतात. म्हणून गाडीसाठी संवादाचे प्रसंग राखून ठेवावेत. बोलून टाइप करायची सोय स्टेशन ते घर चालताना बरी, पण विरामचिन्हं मिळत नाहीत, ऱ्हस्वदीर्घ घसरतात आणि बोलीतले शब्द प्रमाण होऊन उतरतात. ‘गेलतो’ म्हणावं तर भलतंच काही उमटतं. त्याच रात्री दहा मिनिटं साफसफाई करावी. चार दिवसांनी आपल्याच बोलण्याचा अर्थ आपल्याला लागत नाही.

भाषांतराचं काम, पुणे

मागे जाऊन दुरुस्ती करू नका, हे सगळेच सांगतात. कसं, ते असं. माहिती अडली की कंसात ‘तपासा’ लिहून पुढे. हाच एक शब्द ठेवा, म्हणजे शेवटी शोधून सगळ्या जागा सापडतात. निम्म्यात नायिकेची नोकरी बदलावीशी वाटली तर पुढच्या पानापासून ती बदललेलीच आहे असं धरून लिहा. मागच्या दुरुस्तीची एक ओळ वेगळ्या यादीत टाका. पहिलं प्रकरण आठव्यांदा घोटणाऱ्यांचा खर्डा तिथेच राहतो.

तिथी मात्र लगेच पाहाव्यात, कारण त्यावर अख्खा प्रसंग उभा असतो. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास झाला. आदली संध्याकाळ अनंत चतुर्दशीची, विसर्जनाची, म्हणजे चंद्र जवळजवळ पुरा. तिथे ‘चंद्र नसलेली रात्र’ लिहून त्यावर पुढची दहा पानं रचली, तर ती दहाही जातात.

रुग्णालयात पाळीची नोकरी, मडगाव

रोजचा आकडा पाळीवाल्यांनी सोडून द्यावा. आठवड्याचा धरावा, १,२०० शब्द. रात्रपाळीच्या आठवड्यात शून्य, फक्त प्रसंगांची यादी. चवथीचे दिवस सरळ वगळावेत.

दिवाळी अंकांत कथा लिहिणारा

पंचवीस-तीस हजार शब्दांवर कादंबरी अडून बसते. बहुतेक वेळा कारण एकच असतं: पात्र खिडकीत बसून विचार करू लागलेलं असतं. त्याला कोणाकडे तरी काहीतरी मागायला पाठवा. तरीही हलेना, तर शेवटचं प्रकरण कच्चं लिहून टाका. मग मधलं अंतर किती, ते दिसतं.

अंकांच्या कथा जुलै-ऑगस्टपर्यंत द्याव्या लागतात, तेव्हा कादंबरी सुटतेच. सोडण्याआधी एक पान लिहावं: कोण कुठे आहे, कोणाला काय ठाऊक आहे, पुढचे तीन प्रसंग कोणते. हे पान नसेल तर परतल्यावर सगळं पहिल्यापासून वाचावं लागतं, आणि वाचताना हात दुरुस्तीकडे जातोच.

डीटीपीचं काम

जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात लिहू नका. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं फुटतात, शोध चालत नाही, म्हणजे वरचं ‘तपासा’ही सापडणार नाही. प्रकरणागणिक वेगळी फाइल, नावात तारीख, दर रविवारी स्वतःलाच एक ईमेल. लाँगबुकवाल्यांनी त्याच दिवशी पानांचे फोटो काढावेत, डाव्या पानांसकट.