गेमिंग पीसी आणि फोनवरचा डॅशबोर्ड : जोडणी कोठे अडते? नागपूरकरांचे अनुभव

शर्यतीच्या खेळातील वेग, गिअर, इंजिनाचे फेरे आणि टायरचे तापमान जुन्या फोनच्या पडद्यावर पाहण्याची हौस आपल्या शहरात बऱ्याच जणांना आहे. मात्र पीसी आणि फोन एकाच वायफायवर असूनही आकडे शून्यावरच राहतात, ही तक्रार वारंवार कानी येते. ज्यांनी हा गुंता सोडवला आहे, त्यांनी अडचण नेमकी कोठे होती आणि ती कशी ओळखली, हे सविस्तर लिहावे. केवळ ‘राउटर बंद करून चालू केला’ एवढे लिहिल्यास पुढच्याच्या हाती फारसे काही लागत नाही.

धरमपेठ : माहिती कोण मागतो आणि कोण पाठवतो, हे आधी ठरवावे, असे माझे ठाम मत आहे. खेळातील आकडे पडद्यावर मांडणाऱ्या सिमहबसारख्या प्रोग्रॅममध्ये पीसी हा सर्व्हर, म्हणजे मागेल त्याला माहिती देणारा, असतो. फोनच्या ब्राउझरमध्ये पीसीचा आयपी पत्ता आणि ८८८८ हे पोर्ट (पीसीवरील त्या प्रोग्रॅमचा दारक्रमांक) टाकले की डॅशबोर्ड उघडतो. येथे जोडणी फोनकडून पीसीकडे येते, म्हणून विंडोजच्या फायरवॉलने (नेटवर्कवरची ये-जा रोखणाऱ्या सुरक्षेने) ती अडवली तर पान उघडतच नाही. याउलट एफ-वन मालिकेतील खेळ फोनमधील ॲपकडे यूडीपी या माहिती पाठवण्याच्या पद्धतीने थेट माहिती पाठवू शकतात. त्यासाठी खेळाच्या टेलिमेट्री (गाडीचे आकडे बाहेर पाठवण्याच्या) सेटिंगमध्ये फोनचा आयपी पत्ता द्यावा लागतो आणि पोर्ट सहसा २०७७७ असते. बाहेर जाणारी माहिती विंडोजची फायरवॉल मूळ सेटिंगमध्ये अडवत नाही, त्यामुळे या दुसऱ्या प्रकारात ती बंद करून काही साधत नाही, पीसी मात्र असुरक्षित होतो. शिवाय यूडीपीमध्ये माहिती पोहोचल्याची पावती मिळत नाही: पत्ता चुकला तर माहिती वाटेत हरवते आणि खेळ कोणतीही त्रुटी दाखवत नाही. माझी अडचण पहिल्या प्रकारातील होती. विंडोजने घरच्या वायफायची नोंद ‘पब्लिक’ अशी केली होती. ती ‘प्रायव्हेट’ केली, सिमहबला तेवढ्यापुरती परवानगी दिली, आणि पान उघडले.

मानेवाडा : उन्हाळ्यात वीज गेली की राउटर नव्याने सुरू होतो आणि फोनला कधीकधी वेगळा पत्ता मिळतो, खेळ मात्र जुन्याच पत्त्यावर माहिती पाठवत राहतो. राउटरमध्ये फोनसाठी पत्ता राखून ठेवणे हा यावरचा कायमचा उपाय आहे. त्यात एक खाचखळगा आहे. अँड्रॉइड १० पासूनचे बहुतेक फोन प्रत्येक वायफायला वेगळा, यादृच्छिक मॅक पत्ता (राउटर ज्यावरून उपकरण ओळखतो तो क्रमांक) दाखवतात. म्हणून फोनचा मूळ मॅक पत्ता न नोंदवता, त्या वायफायच्या तपशिलात दिसणारा पत्ताच राउटरमध्ये नोंदवावा, अन्यथा आरक्षण लागू होत नाही.

महाल : आमच्या वाड्यात खाली कंपनीने दिलेला राउटर आहे आणि वर काकांनी त्यालाच दुसरा राउटर जोडला आहे. पीसीचा पत्ता १९२.१६८.१ ने सुरू होत होता आणि फोनचा १९२.१६८.० ने, दोन्ही पत्ते शेजारी लिहून पाहताच ती वेगवेगळ्या नेटवर्कवर असल्याचा उलगडा झाला. वरचा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (स्वतःचे वेगळे नेटवर्क न करता खालच्याच नेटवर्कचे वायफाय पुरवणाऱ्या) टाकल्यापासून सर्व उपकरणे एकाच नेटवर्कमध्ये आली.

हिंगणा रस्ता : वसतिगृहाच्या वायफायवर एका उपकरणाला दुसरे दिसत नाही, अनेक राउटरच्या गेस्ट नेटवर्कवरही हीच व्यवस्था असते. ती तेथील सर्वांच्या सुरक्षिततेसाठी आहे, त्यामुळे ती बदलण्याचा आग्रह मी धरला नाही. पीसीत वायफाय कार्ड असल्याने विंडोजचा मोबाइल हॉटस्पॉट सुरू केला आणि फोन त्यावर जोडला. अशा वेळी पीसीचा पत्ता सहसा १९२.१६८.१३७.१ असतो.

सदर : आयफोन वापरणाऱ्यांनी सेटिंगमधील ‘लोकल नेटवर्क’ ही परवानगी तपासावी. आयओएस १४ पासून ती प्रत्येक ॲपला स्वतंत्रपणे द्यावी लागते.

प्रतापनगर : माझ्याकडे जोडणी होत होती, परंतु आकडे अडखळत होते आणि ब्रेक दाबल्यानंतर उशिरा वेग उतरलेला दिसत होता. राउटर बैठकीत, पीसी आतल्या खोलीत, आणि मध्ये खिडकीला पत्र्याचा, पाण्याने भरलेला कूलर. पत्रा लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते, म्हणून मी राउटरची जागा बदलली, पीसीला लॅन केबल दिली आणि टेलिमेट्रीचा दर सेकंदाला ६० वरून २० वर आणला. कूलर चालू असतानाही आता आकडे सलग येतात.

त्रिमूर्तीनगर : धरमपेठेच्या अनुभवाला जोडून एवढेच सांगते, की पीसीवर व्हर्च्युअलबॉक्स (पीसीतच आभासी संगणक चालवणारा प्रोग्रॅम) किंवा व्हीपीएन असेल तर ‘आयपीकॉन्फिग’ या आदेशाने एकाहून अधिक पत्ते दिसतात. त्यांतील १९२.१६८.५६.१ हा बहुधा व्हर्च्युअलबॉक्सचा असतो आणि फोनला तो कधीच सापडत नाही. व्हीपीएन बंद करावे, आणि घरच्या राउटरचा पत्ता ज्या जोडणीसमोर ‘डिफॉल्ट गेटवे’ म्हणून दिसतो, तिचाच आयपीव्ही४ पत्ता फोनमध्ये टाकावा.