मदत हवी आहे : मंडईतील मुलाखती आणि रेकॉर्डर बंद झाल्यावर कळलेली गोष्ट

नमस्कार. मी पुण्यात समाजशास्त्रात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. लघुप्रबंधासाठी महात्मा फुले मंडईत आणि तिच्या आसपास बसणाऱ्या भाजीविक्रेत्या स्त्रियांच्या मुलाखती घेत आहे. माल किती उचलायचा, उधारी कुणाला द्यायची, आलेला पैसा कुठे ठेवायचा हे निर्णय या स्त्रिया कसे घेतात, आणि भुयारी मेट्रोचे काम चालू असताना व सप्टेंबर २०२४ मध्ये मंडई स्थानक सुरू झाल्यानंतर त्यात काही बदल झाला का, हा माझा विषय आहे. आतापर्यंत सात मुलाखती झाल्या असून त्यांतल्या निदान पाच वाया गेल्या, असे मला वाटते.

चूक बहुधा माझ्या प्रश्नसूचीत आहे. आराखड्यासाठी बावीस प्रश्न आधी इंग्रजीत तयार केले होते आणि मंजुरी मिळाल्यावर त्यांचा एका रात्रीत मराठी अनुवाद केला. "आपल्या व्यवसायात आपल्याला कोणत्या आव्हानांना सामोरे जावे लागते?" हा पहिलाच प्रश्न ऐकून मेथी निवडत बसलेल्या मावशींनी हात थांबवून विचारले, "आव्हानं म्हंजे काय गं? तरास म्हण की." मी त्रास म्हटले, तेव्हा "तरास कुणाला नाही?" एवढे बोलून त्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. मेट्रोच्या कामाचा धंद्यावर परिणाम झाला का, या प्रश्नाला सातही जणींनी "झाला ना" असेच उत्तर दिले आणि त्यापुढे कुणी काही बोलले नाही.

ध्वनिमुद्रणाचीही तीच गत आहे. फोन वजनकाट्याशेजारी बारदानावर ठेवला होता. एका अठ्ठेचाळीस मिनिटांच्या मुद्रणात मावशींचे माझ्याशी झालेले बोलणे जेमतेम अकरा मिनिटांचे निघाले आणि बाकीच्या वेळात "पंधराला एक, पंचवीसला दोन" एवढेच ऐकू येते. हा गोंगाट टाळावा म्हणून दोन मुलाखती घरी जाऊन घेतल्या. तेथे एकीचा मुलगा शेजारी येऊन बसला आणि "आईला काय कळतंय त्यातलं, मी सांगतो" म्हणत बहुतेक उत्तरे त्यानेच दिली. मावशी चहा ठेवायला उठल्या त्या परत बसल्याच नाहीत.

खरी अडचण मात्र सातव्या मुलाखतीची आहे. प्रश्न संपले, मी रेकॉर्डर बंद केला, त्यांच्या देखत फोन पिशवीत टाकला आणि निघण्यासाठी उठले, तेव्हा त्या म्हणाल्या, "बस जरा. आता खरं सांगते." पुढे अर्धा तास त्या पैशांविषयी जे बोलल्या ते माझ्या विषयाच्या अगदी गाभ्याचे आहे, परंतु त्यांच्या घरच्यांना ते ठाऊक नाही. त्या काय म्हणाल्या हे साहजिकच येथे लिहीत नाही. संमतिपत्रकावर त्यांनी अंगठा दिला आहे, पण तो ध्वनिमुद्रित मुलाखतीसाठी होता. मार्गदर्शकांच्या मते नाव बदलले की पुरे. मला ते पटत नाही, कारण मंडईत कोण कुठे बसते, कुणाचे गाव कोणते आणि कुणाला किती मुले हे सगळ्यांना माहीत असते, आणि नाव बदलूनही शेजारची बाई दोन ओळींत ओळखेल. हे कथन वापरावे का? प्रश्नसूची कुठून दुरुस्त करावी? मार्गदर्शकांनी पंचवीस मुलाखती सांगितल्या आहेत, त्या आकड्याला काही आधार असतो का? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १

सातव्या मुलाखतीपासून सुरुवात करतो. त्यांना पुन्हा भेटून विचारेपर्यंत त्यातला एकही शब्द प्रबंधात घालू नका. रेकॉर्डर बंद झालेला पाहूनच त्या बोलल्या, म्हणजे ते बोलणे कुठे जावे याबद्दल त्यांची काही समजूत होती आणि ती त्यांच्याकडूनच कळली पाहिजे. संमती एकदा अंगठा घेऊन संपत नाही. तुम्ही जे लिहू इच्छिता ते त्यांना त्यांच्याच भाषेत सांगा, आणि हे वाचून तुम्हाला कोण ओळखू शकेल, असे सरळ विचारा. हा धोका तुमच्या मार्गदर्शकांपेक्षा किंवा माझ्यापेक्षा त्यांना अधिक नेमका कळतो. तोवर आठवत असलेले सर्व वेगळ्या वहीत, तारीख घालून, आठवणीतून लिहिले आहे अशी स्पष्ट नोंद करून उतरवून ठेवा. अशा मजकुराला अवतरणचिन्हे लावू नयेत. अंगठ्याविषयी आणखी एक. आयसीएमआरने (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने) २०१७ मध्ये आरोग्य संशोधनासाठी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, वाचता न येणाऱ्या व्यक्तीची संमती घेताना निःपक्ष साक्षीदार असावा, असे म्हटले आहे. तुमचा विषय आरोग्याचा नसला तरी ही पद्धत उचलण्यासारखी आहे, मात्र साक्षीदार नातेवाईक नसावा.

प्रश्नांच्या बाबतीत तुमचे निदान बरोबर आहे. बावीस प्रश्नांची यादी ही मुलाखत नसून तोंडी भरून घेतलेली प्रश्नावली असते. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स स्प्रॅडली यांनी १९७९ मध्ये मुलाखतीची सुरुवात एखाद्या जागेची किंवा दिवसाची फेरी मारून आणणाऱ्या प्रश्नाने करण्याची रीत मांडली आणि ती आजही उपयोगी पडते. "काल पहाटे घरातून निघाल्यापासून सांगा" एवढेच विचारा. गुलटेकडीच्या घाऊक बाजारात किती वाजता पोहोचल्या, माल रोखीने उचलला की उधारीवर, टेम्पोचे भाडे कोणी दिले, हे ओघात येईल, आणि जिथे त्या अडखळतील किंवा हसतील तिथे "मग?" म्हणून थांबायचे. मेट्रोचे नाव आपण काढूच नये. अखेरपर्यंत ते आले नाही, तर तीही एक माहितीच आहे. फारच गरज वाटली तर "समोर पत्रे लावले होते तेव्हा माल कुठून आत आणत होता?" असा हाताला लागणारा प्रश्न करावा, कारण "परिणाम झाला का" या प्रश्नातच उत्तर दडलेले असते.

पंचवीस हा आकडा रूढीचा आहे. गेस्ट, बन्स आणि जॉन्सन यांनी २००६ मध्ये घाना व नायजेरियातील स्त्रियांच्या साठ मुलाखती तपासल्या, तेव्हा बहुतेक संकल्पना पहिल्या बारा मुलाखतींतच सापडल्या होत्या. त्यांचा गट मात्र बराच एकजिनसी होता आणि सर्वांना प्रश्न जवळपास तेच विचारले होते. तुमच्याकडे गाळेवाल्या आणि रस्त्यावर बसणाऱ्या असे दोन गट असतील, तर तोच आकडा जसाच्या तसा लागू करता येणार नाही. मी मार्गदर्शकांशी आकड्यावरून वाद घालण्याऐवजी दहा चांगल्या मुलाखती शब्दशः लिहून काढून त्यांच्यापुढे ठेवीन.

प्रतिसाद २

माझ्या आईने अनेक वर्षे भाजी विकली, त्या अनुभवावरून थोडे लिहिते. भवानी (दिवसाची पहिली विक्री) होण्याआधी कुणालाही बोलते करायला जाऊ नका. रिकाम्या हाताने आलेला माणूस त्या वेळी नकोसा वाटतो आणि तो राग उत्तरांत उतरतो. दुपारी अडीच ते चारच्या दरम्यान गिऱ्हाईक तुटते, तेव्हा बायका लसूण सोलत किंवा शेंगा निवडत निवांत बसलेल्या असतात. तुम्हीही चार शेंगा हातात घ्या. हात चालू असले की नजरेला नजर द्यावी लागत नाही आणि अवघड गोष्टी सहज निघतात. भाजी घेतलीत तर पूर्ण पैसे देऊन घ्या. वर टाकलेली कोथिंबीर मात्र नाकारू नका, तो अपमान होतो. ज्यांच्या घरी मुलगा मध्ये बोलतो, त्या बाईंची घरी पुन्हा भेट घेऊच नये. मुलाची हवी तर वेगळी मुलाखत घ्या.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काल पावणेतीनला सातव्या मावशींकडे गेले आणि काय लिहिणार आहे ते सर्व सांगितले. त्यांनी विचार करून दोन गोष्टी पूर्ण गाळायला सांगितल्या, एक वापरायची परवानगी दिली, आणि "माझं म्हणून नको लिहू, मंडईतल्या बाया असं करतात म्हण" असे सुचवले. त्यांच्या बसण्याच्या जागेचा, गावाचा आणि मुलांचा उल्लेख मी प्रबंधातून काढून टाकणार आहे. प्रश्नसूची फाडून एका पानावर सहा विषय लिहिले आहेत. काल घरी निघताना जवळ पावशेर शेंगा होत्या, रेकॉर्डर मात्र पिशवीतच राहिला होता, त्यामुळे सर्व नोंदी रात्री वहीत उतरवल्या. मार्गदर्शकांशी सोमवारी बोलेन आणि ते काय म्हणतात ते येथे कळवेन.