मोठ्यांच्या एडीएचडीसाठी कोचिंग: नेमकं काय करतात?

प्रश्न (परभणी): एडीएचडीचं (लक्ष टिकवणं, कामं सुरू करून पुरी करणं अवघड जाणारा विकार) निदान झालंय, गोळ्या चालू आहेत. आता कोचिंग सुचवलंय. त्यात काय असतं?

उत्तर (लातूर): तो उपचार नव्हे, गोळ्यांना पर्यायही नव्हे. साधारण आठवड्याला एकदा, 30 ते 60 मिनिटं, ऑनलाइनही चालतं. एकच अडलेलं काम घेऊन पहिली पायरी 10 मिनिटांत होईल इतकी लहान करतात. ‘वीजबिल भरणं’ नव्हे, ‘ग्राहक क्रमांक शोधून मोबाइलमध्ये टाकणं’. मधल्या दिवसांत मेसेजने विचारपूस हवीच, नाहीतर ठरलेलं डोक्यातून निघून जातं.

उत्तर (नांदेड): कोच म्हणवून घ्यायला आपल्याकडे परवाना लागत नाही, म्हणून पारखून घ्या. ‘गोळ्या बंद करा’ म्हणणाऱ्याला तिथंच नमस्कार. कामं उरकायची नवी पद्धत बरेचदा काही आठवड्यांत शिळी होते. तो आळस नाही, पद्धत बदला. उदासी, झोप बिघडली असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ.