घरातले घोळ : तेव्हा घाम फुटला, आता हसू फुटतं

कपाट आवरायला काढलं आणि तळाशी आईचा लोकरीचा स्वेटर सापडला. मग कसलं आवरणं, तिथेच फतकल मारून बसले. तेव्हा आई तापाने झोपून होती. उठल्यावर तिला काही करावं लागू नये म्हणून बाबांनी घरातले सगळे कपडे एकाच वेळी मशीनला लावले, तेही कडकडीत गरम पाण्यात. स्वेटर बाहेर आला तो जाड, ताठ, विणीचा एक टाका दिसेल तर शपथ! बाबांनी तो दोन्ही हातांनी ताणून बघितला, उलटा करून बघितला, मग काही न बोलता नीट घडी घालून आईच्या उशाशी ठेवला. आई इतकी हसली की खोकल्याची उबळ आली. तो तिने कधीच टाकला नाही. नंतर कळलं, लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की ते एकमेकांत असे गुंततात की पूर्ववत होत नाहीत. तुमच्याकडचे असे घोळ सांगा ना. मनापासून वाचायचेत.

—

बाबा किती गोड! घडी घालून उशाशी 😄

—

डिशवॉशर. हाताने भांडी घासायचं लिक्विड. भाऊ. पुढचं सांगायला नकोच.
तरी सांगते. आधी दाराच्या फटीतून फेसाची एक बारीक रेघ आली. भाऊ म्हणाला, काही नाही, टिपून घेऊ. मग ओट्याखालून, मग फरशीभर, आणि मांजर मधोमध बसून पंजाने फेस उडवतंय. डिशवॉशरच्या पावडरीत फेस कमी व्हावा अशीच योजना असते, हे त्या दिवशी घरात सगळ्यांना पाठ झालं.

—

निस्तरलंत कसं? आमच्याकडे धाकटीने परवाच हा पराक्रम केलाय, अजून अधूनमधून फेस येतोय.

—

आतलं सगळं टॉवेलने टिपायचं आणि साध्या पाण्यावर रिकामंच फिरवत राहायचं. येतो तो हळूहळू आटोक्यात. मांजर मजेत आहे, कुणी विचारायच्या आधी सांगते.

—

लाल मोजा! एकच! नवऱ्याचे झाडून सगळे पांढरे शर्ट फिक्कट गुलाबी, आणि दुसऱ्या दिवशी त्याची मुलाखत. तोच घालून गेला बिचारा. नोकरी लागली!! तो शर्ट अजून आहे, महत्त्वाच्या कामाला हटकून घालतो.
बाकी रंग लागला तर कपडे वाळू देऊ नका, ओले असतानाच पुन्हा धुवा. वाळले आणि वरून इस्त्री फिरली की रंग पक्का बसलाच समजा.

—

आमच्या फ्रीजमध्ये आजवर सापडलेल्या वस्तू : टीव्हीचा रिमोट, किल्ल्या, आजोबांची कवळी. एकदा बहीण माझ्याशी फोनवर बोलता बोलता म्हणाली, थांब गं, माझा फोन सापडत नाहीये. आणि मी तिला म्हणतेय, सोफ्याखाली बघ, उशी उचलून बघ! दोघी शोधतोय. काखेत कळसा नि गावाला वळसा, तोही जोडीने.

—

मेले हसून 😂 ऑफिसात आहे, सगळे वळून बघतायत

—

हसण्याचा विषय चाललाय हे कळतंय, तरी राहवत नाही. आमच्या काकूंनी बाथरूम लख्ख करायचं म्हणून ब्लीच आणि ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर एकत्र ओतलं. डोळे चुरचुरायला लागले, खोकला थांबेना. त्यातून क्लोरीन वायू निघतो. नशीब, त्या लगेच मोकळ्या हवेत आल्या. आज त्याही हसून सांगतात, पण कृपा करून कुणी असं करू नका. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरसुद्धा ब्लीच नको, त्यातूनही विषारी वायू निघतात.

—

बरं झालं ताई लिहिलंत. आईला आत्ताच वाचून दाखवलं. ती व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून ठेवते. त्यातून विषारी वायू निघत नाही, पण दोघं एकमेकांना मारतात आणि बुडबुडे गेले की फारसं काही उरत नाही. तिला मात्र ते बुडबुडेच आवडतात.

—

कचरा ठेवायला बाहेर, वारा, दार, लॅच. अंगावर टॉवेल, आत नळ चालू. शेजारच्या आजींनी दार उघडलं, एक अक्षर न विचारता शाल दिली आणि मला खुर्चीत बसवलं. किल्लीवाला येईपर्यंत त्यांच्या तरुणपणीच्या गोष्टी ऐकल्या. इतकी वर्षं शेजारी राहून नीट बोललो नव्हतो. आता जादा किल्ली त्यांच्याकडेच असते आणि मी किल्लीचं निमित्त नसतानाही जातो.

—

आजी 🙏

—

दादाने तुटलेल्या कपाचा कान चिकटवला, सोबत स्वतःचं बोटही. तेवढ्यात पाहुणे हजर. तासभर हातात रिकामा कप धरून गप्पा मारत होता आणि पाहुण्यांना वाटलं याला अजून हवाय, म्हणून ते सारखं आईला सांगतायत, याचा कप भरा! असं झालं तर ओढायचं नाही, कातडी निघते. कोमट साबणाच्या पाण्यात बोट बुडवून हळूहळू सोडवायचं. ॲसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हरही चालतं.

—

फ्रीझरमध्ये काठोकाठ भरलेली काचेची बाटली. पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं हे मुलाला शाळेत शिकवलेलं, तरी ठेवली त्यानेच. आवाज ऐकून म्हणाला, आई, बाई बरोबर सांगत होत्या.

—

😄😄 पोरगं गुणी आहे

—

जरा विषयांतर, पण मशीनचे जाणकार दिसतायत इथे. समोरून दार असलेल्या मशीनला कुबट वास येतोय. काय करू?

—

दाराच्या रबराची घडी बोटाने उलगडून पुसा, तिथे पाणी साचून बुरशी धरते. धुणं झालं की दार उघडं ठेवा. घरात लहान मूल असेल तर लक्ष असू द्या.

—

पुसलं. एक नाणं आणि दोन हेअरपिना निघाल्या! वास उद्या कळेल. दाराची बेल वाजतेय, पळते.