नेटवर्किंगचा पहिला तास सात लेयरपासून सुरू करणं बंद करा

तांब्याची तार (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात कंपनीतर्फे एका कॉलेजात मुलाखती घ्यायला गेलो होतो. डिप्लोमाची १९ मुलं. कंप्युटर नेटवर्क हा विषय सगळ्यांचा पास झालेला, काहींना चांगले मार्क. सगळ्यांना पहिला प्रश्न एकच विचारला. लॅपटॉपवर नेट चालत नाही, आयपी (नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता) बघितला तर १६९.२५४ ने सुरू होतोय, काय झालं असेल?

दोघांना सांगता आलं. बाकीच्यांपैकी काही म्हणाले "व्हायरस", एक म्हणाला "रिचार्ज संपला असेल" (हा निदान विचार तरी करत होता). सात लेयर (नेटवर्कच्या कामाचे एकावर एक रचलेले सात थर) मात्र १९ च्या १९ जणांनी धडाधड म्हणून दाखवले. एकीने तर "प्लीज डू नॉट थ्रो सॉसेज पिझ्झा अवे" हे पाठांतराचं वाक्यही ऐकवलं. सॉसेज पिझ्झा तिने जन्मात बघितला नसावा आणि सेशन लेयरही नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: १६९.२५४ चा अर्थ असा, की मशीनने डीएचसीपीकडे (नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्याकडे) पत्ता मागितला, कोणी उत्तर दिलं नाही, तेव्हा त्याने स्वतःच एक पत्ता लावून घेतला. म्हणजे एकतर वायर/वायफायपाशी गडबड आहे किंवा पत्ते वाटणारा बंद आहे. एवढंच.

माझं म्हणणं असं. सात लेयरचं ओएसआय मॉडेल आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेने मानक म्हणून १९८४ साली छापलं. त्याआधीच, १ जानेवारी १९८३ ला, आर्पानेट (इंटरनेटचं पूर्वज जाळं) टीसीपी/आयपी या आजही चालणाऱ्या नियमांवर गेलं होतं. ज्या इंटरनेटवर आपण हा धागा वाचतोय ते या सात लेयरच्या बेतावर बांधलेलंच नाही. तरी आपल्याकडे पहिलं युनिट तेच. पहिले तीन आठवडे पोरगं फळ्यावरची उतरंड वहीत उतरवतं आणि त्या काळात एकही पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) डोळ्यांनी बघत नाही.

त्याऐवजी पहिल्या तासाला वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट पकडून दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. एक साधी साइट उघडा. मशीन आधी ओरडतं (याला एआरपी म्हणतात), "हू हॅज १९२.१६८.१.१? टेल १९२.१६८.१.१४". चाळीच्या चौकात उभं राहून पोस्टमनने "जोशी कोण हो?" म्हणावं तसं. मग डीएनएसला (नावावरून आयपी सांगणाऱ्याला) नाव विचारतं, मग टीसीपीचा तीन पावलांचा नमस्कार-चमत्कार (जोडणी सुरू करायचे तीन निरोप). हे दिसल्यावर मुलं स्वतःच विचारतात की हे कोण कोणाशी बोलतंय. मग सांगा लेयर.

---

खडू-डस्टर

प्रचंड असहमत. आणि थोडा रागही आला, कारण मी हाच विषय ११ वर्षं शिकवतोय.

आधी व्यवहाराचं. माझ्या वर्गात ६८ मुलं. लॅबमध्ये २० मशीन, त्यातली १६ चालू. वायरशार्कला कॅप्चर करायला अॅडमिनचे अधिकार लागतात. लॅब इनचार्ज ते मलाच देत नाहीत, मुलांना कुठून देणार? आणि पेपरात "ओएसआय मॉडेल आकृतीसह स्पष्ट करा" हा प्रश्न ६ मार्कांना ठेवलेला असतो. तो मी नीट शिकवला नाही तर मुलांना केटी लागते (विषय राहतो), तुम्हाला नाही.

आता मुद्द्याचं. वायरशार्कच्या मधल्या खिडकीत काय दिसतं ते आठवा. फ्रेम, त्याखाली इथरनेट, त्याखाली आयपी, त्याखाली टीसीपी. लेयरच आहेत ते, एकाखाली एक मांडलेले! ज्याला ही मांडणी माहीत नाही त्याला ती खिडकी म्हणजे साड्यांच्या दुकानातली रंगीत चळत वाटते. तुम्हाला पहिल्या दिवशी अर्थ लागतो कारण तुम्ही कधीकाळी फळ्यावरची ती उतरंड वहीत उतरवली होती. शिडी चढून गेल्यावर शिडीला लाथ मारणं सोपं असतं.

---

सबनेटकाका

सरांशी सहमत, वेगळ्या कारणाने. मी कॉलेजात शिकवत नाही, वायरी ओढत आणि लोकांचे फोन घेत आयुष्य गेलं.

बरीच वर्षं झाली. एका ऑफिसात दिवाळीची साफसफाई. सकाळी अख्खा मजला बंद. प्रिंटर नाही, सर्व्हर नाही, काहीच नाही. आम्ही राऊटर रीस्टार्ट केला, नेटवाल्याला शिव्या घातल्या, सर्व्हर बंद-चालू केला. अडीच तास. शेवटी मी स्विचसमोर (सगळ्या वायरी जिथे जोडतात त्या डब्यासमोर) स्टूल टाकून बसलो. २४ च्या २४ पोर्टचे लाइट एकाच वेळी वेड्यासारखे लुकलुकत होते. एकेक वायर काढत गेलो. तेराव्या की चौदाव्या वायरीला सगळं शांत. त्या वायरीचं एक टोक स्विचमध्ये आणि दुसरं टोकही त्याच स्विचमध्ये. झाडणाऱ्या मावशींना लोंबणारी वायर दिसली, त्यांनी जवळच्या रिकाम्या भोकात नीट बसवून ठेवली. त्यांची काही चूक नाही, काम व्यवस्थितच केलं होतं.

आता प्रश्न असा की एक वायर फिरून आली तर मजला का बसतो? कारण एआरपीसारखी सगळ्यांना उद्देशून मारलेली हाक स्विच प्रत्येक पोर्टवर पाठवतो. ती फिरून परत येते, पुन्हा सगळीकडे जाते, आणि मरतच नाही. आयपी पॅकेटमध्ये (तिसरा लेयर) टीटीएल हा आकडा असतो, प्रत्येक राऊटर त्यातला एक कमी करतो, शून्य झालं की पॅकेट फेकून देतो. इथरनेटच्या फ्रेममध्ये (दुसरा लेयर) असा आकडाच नाही. हे ज्याला "दुसरा लेयर आणि तिसरा लेयर" म्हणून कळलंय त्याला राऊटर रीस्टार्ट करण्यात तास घालवावा लागत नाही. आम्हाला घालवावा लागला, कारण आम्ही तेव्हा पाठच केलं होतं.

म्हणून लेयर पहिले. शोधायचा क्रमच तो आहे. लाइट लागलाय का, मग मॅक (नेटवर्क कार्डाचा पत्ता), मग आयपी, मग नाव.

---

तांब्याची तार

काका, गोष्ट माझ्या बाजूने सांगितलीत आणि मत सरांच्या बाजूने दिलंत! "तेव्हा पाठच केलं होतं" हे तुमचंच वाक्य. दुसरा आणि तिसरा लेयर तुम्हाला खरे कळले ते स्टुलावर बसून. तो स्टूल पहिल्या आठवड्यात द्या एवढंच मागतोय.

सर, शिडीचं बरोबर आहे, ते मान्य. लॅबवाल्यांच्या आडमुठेपणावर मात्र उपाय आहे. कॅप्चर तुम्ही घरी एकदाच करा, फाइल पेनड्राइव्हवर आणा. नुसती फाइल उघडायला अॅडमिन लागत नाही. सगळ्यांकडे तेच २०० पॅकेट असले तर "४७ नंबरचं बघा" म्हणता येतं, तासही आटोक्यात राहतो.

---

मागचा बाक

विद्यार्थी आहे, सध्या याच विषयाच्या सबमिशनमध्ये बुडालेला. दोन्ही बाजूंच्या काकांना नमस्कार.

धागा वाचून काल रात्री घरी करून बघितलं. एआरपी दिसलं, भारी वाटलं. पण डीएनएस दिसलंच नाही आणि टीसीपीचे ते तीनही नाहीत. गूगल उघडलं होतं. सगळीकडे "क्विक" लिहून येत होतं. हे आमच्या पुस्तकात नाही.

अजून एक. आमच्याकडे क्रॉस केबल आणि स्ट्रेट केबल (दोन टोकांना तारांचा क्रम वेगळा की सारखा) यातला फरक ४ मार्कांना असतो. क्रिम्पिंगच्या (वायरीच्या टोकाला प्लग बसवायच्या) प्रॅक्टिकलला पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हे मला झोपेतही येतं. पुस्तक म्हणतं दोन लॅपटॉपना क्रॉस केबल लागते, पण मी दोन लॅपटॉप साध्या केबलने जोडले आणि चालले की! सरांना विचारलं तर म्हणाले "पेपरात असं लिहू नकोस."

---

तांब्याची तार

@मागचा बाक, शाब्बास. क्विक (टीसीपीऐवजी वापरली जाणारी नवी पद्धत) यूडीपीवर चालतं, त्यामुळे टीसीपीचा नमस्कार तिथे होतच नाही. साधी एचटीटीपीवाली साइट घे, कुलूप नसलेली. आणि ब्राउझरमधला "सिक्युअर डीएनएस" बंद कर, नाहीतर तो नावं एचटीटीपीएसच्या आतून विचारतो आणि तुला दिसत नाहीत. किंवा सरळ एनएसलुकअप (डीएनएसला नाव विचारायची कमांड) मार.

केबलचं म्हणशील तर आताचे पोर्ट कोणती तार कुठे आहे ते स्वतः ओळखून आतल्या आत उलटसुलट करून घेतात. तुझ्या सरांचं उत्तर वाचून हसावं की रडावं कळेना.

---

खडू-डस्टर

हसू नका. ते सर मी नाही, पण उद्या मीही तेच उत्तर देईन. पेपर तपासणाऱ्याकडे मॉडेल आन्सर असतं आणि त्यात ऑटो-काहीही नसतं. मुलाचे ४ मार्क तुमच्या तत्त्वासाठी घालवू?

क्लास ए, बी, सी (आयपी पत्त्यांचे जुने ठरीव गट) चंही तेच. सीआयडीआर (हवे तेवढे लहानमोठे गट पाडायची पद्धत) १९९३ साली आलं, तेव्हापासून क्लासला व्यवहारात अर्थ उरला नाही, हे मलाही माहीत आहे. मी वर्गात सांगतो, "हे पेपरासाठी, हे नोकरीसाठी." दोन वह्या. अप्रामाणिक वाटतं कधीकधी, पण दुसरा मार्ग दिसत नाही.

---

एसटी स्टँड

तालुक्याच्या ठिकाणी पॉलिटेक्निकला शिकवते. वरची भांडणं शहरी वाटली. माझी अडचण निराळीच आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना "एन्कॅप्सुलेशन" (एका लेयरचा माल दुसऱ्याच्या पाकिटात घालणं) या शब्दापाशीच घाम फुटतो. लेयर पहिले की पॅकेट पहिलं हे नंतरचं.

मी एसटी घेते. सावंतवाडीहून गोंदियाला बॅग घेऊन निघालात. गाड्या बदलत जायचं. प्रत्येक गाडीचं तिकीट नवं, कोल्हापूर, पुणे, नागपूर. तिकीट त्या टप्प्यापुरतं, उतरल्यावर फेकायचं. बॅगेवरची चिठ्ठी मात्र तीच, "गोंदिया". तिकीट म्हणजे मॅक पत्ता, चिठ्ठी म्हणजे आयपी. स्टँड म्हणजे राऊटर. हे एकदा सांगितलं की "मॅक प्रत्येक हॉपला (टप्प्याला) बदलतो, आयपी बदलत नाही" हे ओरलला कोणी चुकत नाही.

---

सबनेटकाका

ताई, झकास. पण नॅटचं (राऊटर आयपी बदलतो त्याचं) काय? चिठ्ठी बदलते की.

---

एसटी स्टँड

नॅट म्हणजे पुणे स्टँडवरचा हमाल, जो बॅगेवरचं पाठवणाऱ्याचं नाव खोडून स्वतःचं लिहितो आणि कोणाची कोणती बॅग ते डायरीत टिपून ठेवतो. परत आलेलं सामान डायरी बघून बरोबर माणसाला देतो. 🙂

---

तांब्याची तार

दंडवत. हे मी चोरणार.

तरी एक भीती सांगतो. उपमा संपते तिथे मुलं थांबतात. एक हाक एकाच वेळी सगळ्या गाड्यांतून सुटते आणि फिरून परत येते, काकांचा स्विच, हे एसटीत बसत नाही. उपमेच्या पाठोपाठ खरं पॅकेट दाखवलंच पाहिजे.

---

आठवा लेयर

मी सरळच विचारतो, बीजीपी (मोठी जाळी एकमेकांना आपापले मार्ग सांगतात ती पद्धत) का नाही शिकवत? ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअॅप सगळं सुमारे सहा तास बंद. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेलेले. देखभालीच्या एका कमांडने त्यांचं आतलं जाळं बसलं, मग त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी आपले बीजीपी मार्ग मागे घेतले आणि जगाच्या नकाशावरून पत्ताच पुसला गेला. हे एक उदाहरण अख्ख्या सेमला पुरेल. त्याऐवजी टोकन रिंग (जुनी, मागे पडलेली नेटवर्कची पद्धत)!

---

खडू-डस्टर

पहिल्या कोर्सला बीजीपी म्हणजे बाराखडी यायच्या आधी मोरोपंत. पण "सर्व्हर चालू आहे, तरी त्याचा पत्ता कोणाला मिळत नाही" एवढं सांगायला उदाहरण चांगलं आहे. टोकन रिंगबद्दल मौन.

---

सबनेटकाका

एक राहिलंच. तारसाहेब, मुलाखतीत सबनेटिंग (नेटवर्कचे तुकडे पाडायचं गणित) कागदावर करायला लावता का? हल्ली सगळे म्हणतात कॅल्क्युलेटर आहे.

---

तांब्याची तार

नाही लावत. वेबसाइटवर टाकलं की येतं. हा पेपरातला निव्वळ छळ आहे.

---

सबनेटकाका

इथे मात्र मी भांडणार. एका दुकानात कॅमेऱ्याचा डीव्हीआर. दुकानातल्या पीसीवर चित्र दिसतं, मालकाच्या मोबाइलवर घरून दिसत नाही. दोन जण येऊन पोर्ट फॉरवर्डिंग करून गेले, एकाने डीव्हीआरच खराब ठरवला. मी सेटिंग बघितली. डीव्हीआर १९२.१६८.१०.७०, मास्क (तुकडा केवढा ते सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.१९२, गेटवे (बाहेर जायचा दरवाजा) १९२.१६८.१०.१. पीसी .८० वर.

ज्याने हाताने केलंय त्याला बघताक्षणी दिसतं. १९२ चा मास्क म्हणजे ६४-६४ चे तुकडे. ७० आणि ८० हे ६४ ते १२७ च्या खोलीत, गेटवे ० ते ६३ च्या खोलीत. डीव्हीआरच्या दृष्टीने दरवाजा दुसऱ्याच खोलीत आहे, तो बाहेर पडणार कुठून? मास्कचा शेवटचा आकडा ० केला, पाच मिनिटांत चित्र मोबाइलवर. कॅल्क्युलेटर होताच की त्या दोघांच्या खिशात. पण त्यात काय घालायचं हे डोक्यात यावं लागतं.

---

तांब्याची तार

हं. हे पटलं. पुढच्या वेळी हाच प्रश्न मुलाखतीला घेतो, तुमची परवानगी गृहीत धरून. पण पेपरात ८ मार्कांना "खालील नेटवर्कचे ६ सबनेट करा" हे असं नसतं, हेही मान्य करा.

---

मागचा बाक

काका, तो डीव्हीआरचा प्रश्न मी आमच्या ग्रुपवर टाकला. ४३ जणांत एकाला आला. त्याच्या वडिलांचं सीसीटीव्हीचं दुकान आहे.

---

खडू-डस्टर

ठीक. पुढच्या सेमला पहिला तास तुमच्या पद्धतीने घेऊन बघतो. फाइल पेनड्राइव्हवर, ४७ नंबरचं पॅकेट वगैरे. सात लेयर सोडणार नाही, दुसऱ्या आठवड्यात येतील. आणि काकांचा स्विच करून दाखवायचाय. स्टोअरमध्ये एक जुना ८ पोर्टचा पडलाय.

---

सबनेटकाका

सर, करा जरूर. फक्त तो कॉलेजच्या नेटवर्कला जोडलेला नाही ना, हे स्वतःच्या हाताने वायर ओढून बघा. दुसऱ्या कोणाच्या शब्दावर नको.

---

खडू-डस्टर

आज लॅब इनचार्जना विचारलं. ते म्हणाले, "करा की. जर्नलमध्ये प्रयोग क्रमांक कितवा?"