जुना कॉम्प्युटर आणि घरचं रेकॉर्डिंग: तुमचे अनुभव लिहा

पेटीवाला:
खालच्या मजल्यावरचा बारावीतला मुलगा परवा एक जुना लॅपटॉप काखोटीला मारून वर आला. "काका, नवीन घ्यायला बाबा नाही म्हणतात. यावर गाणं रेकॉर्ड होईल का?" तिसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह, ४ जीबी रॅम, ५४०० आरपीएमची हार्ड डिस्क. चालू केला, चहा टाकला, गाळला, प्यायलो, तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतंच आहे.

मला एकदम नारायण पेठेतली आमची खोली आठवली. पेंटियम, साउंड ब्लास्टर कार्ड, गुलाबी सॉकेटात खुपसलेला चॅटिंगचा माइक आणि कूल एडिट हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर. अ‍ॅडोबीने २००३ साली ते विकत घेऊन त्याचं ऑडिशन केलं, त्याच्या आधीची गोष्ट. मित्र तबल्यावर, मी पेटीवर. लक्ष्मी रोड थंडावला की बसायचं. पंख्याची घरघर येते म्हणून ऐन मे महिन्यात पंखा बंद. माइकची वायर एवढुशी, त्यामुळे कॅबिनेट लांब ठेवता यायचं नाही, मग त्याच्यावर गोधडी टाकायची आणि ते तापून बंद पडायच्या आत द्रुत उरकायची. आमची लय कायम चढी का, याचं उत्तर त्या गोधडीत आहे.

असो. पोराच्या लॅपटॉपचं काय केलं ते सांगतो. तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, जाऊन सॅटा एसएसडी (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) आणली, रॅम ४ ची ८ केली, पंख्यातून धुळीचा नमदा निघाला तो काढून प्रोसेसरला नवीन पेस्ट लावली. प्रोसेसर आहे तोच. आवाज, गिटार, तबला, तानपुरा एवढ्याला तो रग्गड होतो. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एका मोनो ट्रॅकचे सेकंदाला १४४ किलोबाइट होतात, मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास. एवढं तर हार्ड डिस्कलाही जड नाही. यंत्र मेटाकुटीला येतं ते सॉफ्टवेअरमधली वाद्यं आणि रिव्हर्ब रचत गेलात की. पैसे कमी असतील तर माझ्या मते क्रम असा: आधी डिस्क, मग रॅम, मग इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा). उरले तर खोलीला पडदे. नवा प्रोसेसर सगळ्यात शेवटी, आणि बहुतेक वेळा कधीच नाही.

तुम्ही कसं जमवलंत ते लिहा.

तिरकिटधा:
वाचतोय. आमचा एक प्रॉब्लेम, मी डग्ग्यावर थाप मारतो आणि हेडफोनमध्ये ती मागून येते. समेवर कधी येतच नाही.

दिडदा:
@तिरकिटधा बफर (कॉम्प्युटर आवाज किती साठवून मग पुढे सोडतो ते) किती आहे? ४४.१ किलोहर्ट्झला २५६ सँपल म्हणजे ५.८ मिलीसेकंद, ५१२ म्हणजे ११.६. हे झालं एका बाजूचं. आत जायचं वेगळं, बाहेर यायचं वेगळं, वर ड्रायव्हर स्वतःचं लावतो. रेकॉर्ड करताना १२८ वर आणा, कडकड आवाज आला तर २५६. मिक्स करताना बिनधास्त १०२४ ठेवा, तेव्हा कोण वाजवतंय.
आणि इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं बटण असतं ते दाबा. आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून थेट कानात येतो. मग यंत्र जुनं काय नि नवं काय.

तिरकिटधा:
इंटरफेस नाहीये हो. आणि हेडफोन ब्लूटूथवाला आहे

दिडदा:
मग सम पुढच्या आवर्तनात शोधा :ड आधी वायरवाला हेडफोन घ्या, बाकीचं नंतर बोलू.

हिंगाष्टक:
हसून हसून पुरेवाट

सदाशिवपेठी:
फोनवर होतं की हे सगळं. कशाला एवढा खटाटोप?

पेटीवाला:
@सदाशिवपेठी होतं, नाही कोण म्हणतंय. पण एका वेळी दोन माइक लावून पेटी एका ट्रॅकवर आणि गळा दुसऱ्या ट्रॅकवर घ्यायचा म्हटलं की फोनचा जीव तेवढाच. पेटी मोठी आली तर नंतर फक्त पेटी कमी करता आली पाहिजे ना.

सदाशिवपेठी:
पेटीच लांब ठेवायची. आमचे गुरुजी तसंच करायचे.

कर्वेरोडची:
मी गाणं शिकवते. २०२० मध्ये क्लास ऑनलाइन गेले तेव्हा मुलाचा टाकून दिलेला डेस्कटॉप ताब्यात घेतला. मुलगा त्यात एसएसडी बसवून गेला, तेव्हापासून यंत्राबद्दल तक्रार नाही. तक्रार बाकी सगळ्याबद्दल आहे. सकाळी सातला घंटागाडी, तिचं गाणं वेगळ्याच पट्टीत. मग खिडकीत पारवे. दहाला समोरच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या, अगदी तार षड्जाला चिकटून, मी आलाप थांबवून मोजत बसते. दुपारी जरा शांत वाटलं की भंगारवाला. शेवटी बेडरूममधलं कपाट उघडं टाकून, त्याच्याकडे तोंड करून, पाठीमागे दोरीवर दोन जाड गोधड्या वाळत घातल्यासारख्या टाकून गायला लागले. ह्यांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा काही बोलले नाहीत, नुसतं दार लोटून घेतलं.
पण खरंच सांगते, आवाजातला तो घुमटासारखा घुम गेला. साड्या फार छान आवाज खातात. कांजीवरमपेक्षा सुती जास्त.
आणखी आहे, पण दूध वर येतंय, नंतर लिहिते.

अनुराधा_नक्षत्र:
कर्वेरोडची ताई, साड्यांना +१. माझ्याकडे सासूबाईंच्या नऊवारी आहेत, त्या लावून बघते, नऊ वार म्हणजे दीडपट शोषण

हिंगाष्टक:
जाता जाता, तपकीर गल्लीत गाडी कुठे लावता तुम्ही लोक?

जुनाबाजार:
लावत नाही. मंडईत लावून चालत जायचं नाहीतर सरळ बसने.

माझा अनुभव घरघरीचा. शनिवार पेठेतला वाडा, जुनं वायरिंग. इंटरफेस सेकंडहँड घेतला, माइक लावला, आणि मागे सतत हूंऽऽऽ. पेटीवर लावून बघितलं तर साधारण मंद्र सप्तकातला पंचम-धैवत. म्हटलं चला, तानपुरा फुकट मिळाला. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे माइक बदला. मग सहज लॅपटॉपचा चार्जर काढला आणि आवाज गायब! म्हणजे विजेच्या ५० हर्ट्झची घरघर, चार्जरमधून येणारी. पण जुन्या लॅपटॉपची बॅटरी काय लायकीची असते ते सगळ्यांना माहीत आहे, स्थायी संपून अंतरा येईपर्यंत पडदा काळा. शेवटी वायरमनला बोलावलं. त्याने बोर्ड उघडला तर तीन पिनांच्या सॉकेटात तिसऱ्या पिनेला वायरच नाही. नुसतं शोभेचं भोक. अर्थिंग ओढून घेतलं, घरघर संपली. नवीन माइकचे पैसे वाचले.
म्हणून नवीन काही घ्यायच्या आधी चार्जर काढून एकदा ऐका. फुकटची तपासणी आहे.

दिडदा:
@जुनाबाजार ५० चा आवाज म्हणजे मंद्र नाही हो, त्याच्याही खाली, जेमतेम अतिमंद्रातला. तुम्हाला ऐकू आला तो बहुधा त्याची दुप्पट-चौपट, १००, २००.

जुनाबाजार:
असेल. मी वायरमनच्या पाठीमागे स्टूल धरून उभा होतो, दुप्पट-चौपट मोजत नव्हतो.

खिडकीबंद:
माझी अडचण वेगळी. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पाहिजे. माझा लॅपटॉप चौथ्या पिढीचा. भाऊ म्हणतो फेकून दे. फेकू का?

पेटीवाला:
फेकू नका हो! रेकॉर्डिंगपुरताच वापरणार असाल तर १० वरच ठेवा आणि नेट बंद. तसंही रेकॉर्ड करताना वायफाय बंदच ठेवायचं असतं. माझ्याकडे कडकड यायची, लेटन्सीमॉन (कोणता ड्रायव्हर आवाज अडवतो ते दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून बघितलं तर लाल रेघ वायफायच्या ड्रायव्हरपाशी. बंद केलं, साफ झालं. पॉवर सेटिंगही हाय परफॉर्मन्सवर ठेवा, नाहीतर प्रोसेसर मध्येच डुलकी काढतो.

दिडदा:
किंवा उबंटू स्टुडिओ टाका, विंडोजऐवजी चालणारं, रेकॉर्डिंगसाठीचं लिनक्स. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आर्डर आहे, रीपरची लिनक्स आवृत्तीही आहे. रीपर ६० दिवस वापरून बघता येतं, मग घरगुती लायसन्स ६० डॉलर. इंटरफेस मात्र क्लास कंप्लायंट बघून घ्या, म्हणजे ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही. यूएसबी २ पुरतो, ३ साठी अडून बसू नका.

खिडकीबंद:
लिनक्स मला झेपेल का? वय ६१.

दिडदा:
सात मात्रांचा रूपक झेपतो ना? मग झेपेल.

खिडकीबंद:
रूपकची समच 'खाली'वर (टाळी नसलेल्या मात्रेवर) आहे, ते झेपायला जन्म गेला :)

अनुराधा_नक्षत्र:
आमच्या ग्रुपचा किस्सा. मी अभंग ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड करून मैत्रिणीला पाठवला, पखवाज तिच्याकडे भरायचा होता. तिच्या जुन्यापुराण्या सॉफ्टवेअरने काही न विचारता फाइल ४४.१ समजून वाजवली. १० मिनिटांचा अभंग जवळजवळ ११ मिनिटांचा झाला आणि सूर दीड पट्टी खाली! मी गायले काळी चारमध्ये, तिच्याकडे तो काळी तीन आणि पांढरी पाचच्या बरोबर मध्ये. पेटीवर तो सूरच नाही. पखवाजवाला बिचारा गठ्ठे ठोकतोय, कणीक थापतोय, लागेचना. मला फोन, "अगं तुझा गळा बसलाय का?"
आता फाइलच्या नावातच ४८ लिहून पाठवते.

तिरकिटधा:
पखवाजवाल्यासाठी दोन मिनिटं शांतता

हिंगाष्टक:
कणकेचं काय करतात नंतर?

तिरकिटधा:
गाईला घालतात. आमच्याकडे तरी.

मुळाकाठ:
एक विचारू का. रेकॉर्डिंग नाही, उलटं आहे. आईच्या भजनी मंडळाच्या कॅसेट आहेत घरी. आई गेल्या वर्षी गेली. डेक चालतोय पण आवाज पुसट, उशीतून आल्यासारखा. जुन्या डेस्कटॉपवर घेता येतील?

कर्वेरोडची:
अगं घे, नक्की घे. कॅसेटला बुरशी असेल तर लावायच्या आधी बघ. माझ्या गुरूंच्या एका कॅसेटचं तसंच झालं, पांढरी बुरशी डेकच्या हेडला लागली. काळजी घे गं.

जुनाबाजार:
@मुळाकाठ घेता येतील, कॉम्प्युटर कुठलाही चालेल, ऑडॅसिटी फुकट आहे. डेकच्या लाइन आउटमधून कॉम्प्युटरच्या निळ्या सॉकेटात घ्या, गुलाबीत नको, तो माइकचा, आवाज फाटेल.
पुसटपणाचं सांगतो. आधी हेड स्पिरिट लावलेल्या कापसाने पुसा. तरी पुसट असेल तर हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो, बऱ्याच डेकना दार लावलं तरी छोट्या भोकातून दिसतो. कॅसेट वाजत असताना बारीक स्क्रूड्रायव्हरने तो अगदी केसभर फिरवायचा. इकडे, तिकडे. टाळांवर कान ठेवा. टाळ एका जागी एकदम चकचकीत होतात, तिथे थांबायचं. ज्या डेकवर भरलं त्याच्या हेडचा कोन वेगळा असतो, म्हणून आवाज दबतो. प्रत्येक कॅसेटला परत बघावं लागतं.

मुळाकाठ:
टाळ. हो. पहिल्या रांगेत आईच असायची टाळांवर. रविवारी करते, धन्यवाद दादा

सदाशिवपेठी:
कॅसेटच्या मागच्या प्लास्टिकच्या दोन खुट्ट्या तोडून ठेवा आधी. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर पुसलं जाईल.

जुनाबाजार:
हे लाखमोलाचं. पेठी माणूस शेवटी बोलला.

कर्वेरोडची:
दूध सांडलंच. असो. आणखी एक सांगायचं होतं, हार्ड डिस्क काढल्यावर टाकून देऊ नका. मुलाने आपल्या दुसऱ्या लॅपटॉपमधला डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागी त्याच लॅपटॉपची जुनी डिस्क कॅडीत (डिस्क बसवायच्या चौकटीत) बसवली. गाणी तिच्यावर साठवायची, काम एसएसडीवर करायचं.

पेटीवाला:
हे उत्तम. कॅडी घेताना जाडी मोजून न्या, ९.५ आणि १२.७ मिलीमीटर अशा दोन येतात. आणि त्या डिस्कची आणखी एक प्रत दुसरीकडे ठेवा, जुन्या डिस्कचा भरवसा नसतो.

मुठाकिनारी:
तुमचं सगळं ठीक आहे, पण नदीपात्राशेजारी राहून बघा. गणपतीच्या आधी दोन महिने पथकांचा सराव. पन्नास ढोल आणि ताशे. इथे गोधडी काय करणार, साड्या काय करणार? तेवढ्यात मी फक्त मिक्सिंग करतो, तेही हेडफोनवर.

तिरकिटधा:
मी त्याच पथकात असेन बहुतेक :ड

मुठाकिनारी:
मग तुमची सम का हुकते ते कळलं.

हिंगाष्टक:
हाहाहा

खिडकीबंद:
उबंटू स्टुडिओ पेन ड्राइव्हवरून चालू झाला! इंटरफेस पण दिसतोय. ४ जीबीवर जरा अडखळतंय. रॅम वाढवायला बघतोय तर भाव ऐकून गप्प बसलो.

पेटीवाला:
माझ्याकडे एक ४ जीबीची स्टिक पडून आहे. सिंहगड रोडला येणार असाल तर घेऊन जा. पण तुमचा चौथ्या पिढीचा, त्याला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागेल.

खिडकीबंद:
तुमची कोणती आहे?

पेटीवाला:
स्टिकर अर्धा फाटलाय. पीसी३ दिसतंय, पुढचं चष्मा लावून बघतो.

हिंगाष्टक:
मी पण येऊ का? मला काही नकोय, चहा.

पेटीवाला:
एल आहे. या. चहाचं घरात विचारून सांगतो.