बास्केटबॉल : बारा जणांत शेवटचा कोण घेतात?

ऐरोलीची आई

नमस्कार मंडळी. क्रिकेट सोडून दुसऱ्या खेळाचं विचारतेय, तेव्हा इकडे कोणी फिरकेल की नाही कोण जाणे.

माझा मुलगा सतरा वर्षांचा, उंची सहा फूट एक इंच. आमच्या सोसायटीत पार्किंगच्या टोकाला एकच रिंग आहे, तिची जाळी कधीच गेली. तिथे हा रात्री दहापर्यंत शूटिंग करतो. बॉल भिंतीवर आपटला की चेअरमनसाहेब गॅलरीत येऊन उभे राहतात. (बोलत काही नाहीत. नुसते उभे राहतात. ते जास्त लागतं.)

मागच्या महिन्यात तो ठाण्याला एका सिलेक्शनला गेला होता. कुठलं ते लिहीत नाही, उगाच वाद नको. शेवटच्या दिवशी दोन संघ पाडून मॅच खेळवली. मी हाफ डे टाकून गेले होते. माझ्या मुलाने अठरा पॉइंट काढले, मोबाइलमध्ये टिपलेत. एक गोल चेहऱ्याचा बुटका मुलगा होता, त्याने दोन. म्हणजे अख्ख्या मॅचमध्ये एक बास्केट! यादी लागली तेव्हा तो बुटका बारावा, आणि माझ्या मुलाचं नावच नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

परत येताना दिघा गाव गेलं, ऐरोली आलं, रिक्षा झाली, पोरगा एक शब्द बोलला नाही.

मला एवढंच विचारायचंय, थेट भारताचा संघ निवडतानाही असंच असतं का? वर तरी काही मोजमाप असतं, की तिथेही ओळखीपाळखी? खरं काय ते सांगा. पुढची तीन-चार वर्षं याला यात घालू द्यायची की नाही ते ठरवायचंय. यंदा बारावी आहे.

कोपरखैरणे कट्टा

वशिला हो ताई, दुसरं काय. माझ्या भाच्याचं कबड्डीत हेच झालं. सीईटीचा क्लास लावा आणि मोकळ्या व्हा.

नौपाड्याचा स्कोअरर

ताई, वशिला नसतोच असं मी म्हणणार नाही. इतकी वर्षं टेबलावर बसून तेवढा भोळा राहिलेलो नाही. पण तुम्ही जे लिहिलंय त्यात मला वशिला दिसला नाही. जास्त पॉइंटवाला बाहेर आणि कमीवाला आत, हे मी फार जवळून बघितलंय. त्यातला बाहेरचा मी होतो.

१९८३ सालची गोष्ट. स्टेटच्या कॅम्पला आम्ही अठरा जण. काचेच्या फळ्यात यादी लागली. बारा नावं टाइप केलेली, आणि त्यांच्या खाली पेनाने माझं, पुढे 'राखीव'. राखीव म्हणजे डबा भरा आणि घरी जा. बारावा कोण, तर एक डावखुरा, ज्याचं शूटिंग बघून पंचसुद्धा हसायचे. त्या डावखुऱ्यावर मी दोन वर्षं डूख धरून होतो. पुढे गुडघा गेला, बँकेत चिकटलो आणि स्कोअरशीट भरायला लागलो. टेबलावरून मॅच वेगळी दिसते, कारण तिथे आपली टीम नसते.

आधी गणित करू. मॅच ४० मिनिटांची, मैदानात एका वेळी ५ जण, म्हणजे कोचच्या हातात वाटायला २०० मिनिटं. पहिल्या पाचांना सरासरी २८ दिली की १४० संपली. पुढच्या तिघांना १५-१५, गेली ४५. उरली १५ मिनिटं आणि चार खेळाडू. आता सांगा, त्या चौघांत तुम्ही शूटर भराल? शूटरचा हात बसायलाच पाच-सहा शॉट लागतात. तीन मिनिटांसाठी माणूस हवा तो असा, की बेंचवरून थंडा उठेल आणि समोरच्या गार्डला सुखाने बॉल पुढे नेऊ देणार नाही. ८ सेकंदांत मध्यरेषा ओलांडायची असते आणि २४ सेकंदांत शॉट मारायचा असतो. त्यातले सहा-सात सेकंद कोणी खाल्ले की पुढचा सगळा डाव घाईचा होतो. तुमचा गोल चेहऱ्याचा बुटका हे करत होता का, ते आठवून बघा.

दुसरी गोष्ट फाउलची. पाच झाले की खेळाडू बाहेर. इराणचा हमेद हद्दादी ७ फूट २ इंच होता, नुसता रिंगखाली उभा राहिला तरी आपल्या पोस्टचे, म्हणजे रिंगखाली खेळणाऱ्या उंच मुलाचे, फाउल वाढत जाणार. अशा संघांशी खेळायचं तर उंच मुलगा एक घेऊन भागत नाही, मागे अजून एकदोन लागतात, मग त्यातल्या शेवटच्याला फ्री थ्रो धड मारता आला नाही तरी चालतो. त्याचं काम पाच फाउल नीट जागी खर्च करणं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हा कुठून आला? तो मोजून आणलेला असतो.

आता तुमच्या मोबाइलमधल्या टिपणाबद्दल. राग मानू नका. आमची अधिकृत शीटसुद्धा तितकीच आंधळी आहे. पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनाने लिहितात, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्याने. बास्केट झाली की आकड्यावर तिरपी रेघ, फ्री थ्रो असेल तर भरीव ठिपका, थ्री (लांबून मारलेली तीन पॉइंटची बास्केट) असेल तर खेळाडूच्या नंबराभोवती गोल. फाउलचे रकाने आहेत, टाइम-आउटचे आहेत. पण ज्याने पाय रोवून स्क्रीन लावली, म्हणजे डिफेंडरच्या वाटेत आडवा उभा राहिला, आणि शूटरला मोकळं केलं, त्याच्यासाठी शीटवर जागाच नाही. फ्री थ्रो उडाल्यावर ज्याने पाठ लावून समोरच्या मोठ्याला रिंगपासून ढकलत नेलं आणि स्वतः बॉलला हातही लावला नाही, त्यालाही नाही. डिफेन्समध्ये "डावीकडे स्क्रीन, डावीकडे!" म्हणून घसा फोडणाऱ्यालाही नाही. मी एक शंभर पानी वही ठेवायला लागलो आणि नंतर निवांत बसून आठवेल तशा या खुणा त्यात करायचो. हौस. बायको म्हणायची, घरातला हिशोब लिहा त्यापेक्षा.

१९८३ चा तो डावखुरा आठवला तो ही वही भरताना. कॅम्पमध्ये माझ्यासमोर तोच असायचा आणि मला बॉल उजव्या बाजूने कधी नेताच आला नाही. हे मला तेव्हा कळलं नव्हतं. मला वाटायचं, आज माझा दिवस नाही. सलग नऊ दिवस माझा दिवस नव्हता!

खेळही बदलला. आमच्या वेळी २०-२० मिनिटांचे दोन हाफ आणि ३० सेकंदांचं घड्याळ. आंतरराष्ट्रीय नियमात थ्री पॉइंट आला १९८४ ला, तोही ६.२५ मीटरवरून. चार क्वार्टर आणि २४ सेकंद २००० पासून, आणि २०१० मध्ये थ्रीची रेघ ६.७५ वर गेली. पळापळ वाढली, म्हणून आठवा-नववा खेळाडूही आता पळणारा लागतो. नुसता उभा राहून मारणारा चालत नाही.

राष्ट्रीय संघाचं म्हणाल तर, सिनियर नॅशनल आणि बाकीच्या स्पर्धा बघून फेडरेशन संभाव्य खेळाडूंना कॅम्पला बोलावतं. तिथून कापत कापत बारा. मात्र २०१७ पासून मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांचे पात्रता सामने वर्षभरात विखुरलेत, कधी नोव्हेंबरात, कधी फेब्रुवारीत, चार-पाच दिवसांत दोन मॅच आणि परत आपापल्या घरी. नवीन मुलाला सेट, म्हणजे ठरलेल्या चाली, शिकवायला वेळच नाही. म्हणून कोच तीच ती माणसं घेतो ज्यांना त्याची भाषा आधीच कळते. लोक म्हणतात, जुन्यांचीच वर्णी लागते. थोडं खरं आहे. पण मी कोच असतो तर मीही तेच केलं असतं.

२०१४ ला वुहानमध्ये आपण चीनला त्यांच्या घरात हरवलं, ६५-५८. ६५ पॉइंटवर एरवी मॅच हरतात! ती मॅच शूटरांनी नाही जिंकली.

शेवटचं, आणि हे कडू आहे. सहा-एक म्हणजे तुमच्या सोसायटीत ताड, पण भारताच्या संघात तो गार्ड. पोस्टला खेळत असेल तर आत्ताच सोडायला सांगा. डावा हात पक्का हवा, आणि समोरच्याला अडवता आलं पाहिजे. अठरा पॉइंट मग बघू.

घोडबंदरचा वाटसरू

मस्त लिहिलंत काका. पण एवढं कशाला? अमेरिकेत, कॅनडात आपले किती तरी उंच देशी पोरगे खेळतात. चार आणले की झालं की. बाकीचे देश नाही का आणत?

नौपाड्याचा स्कोअरर

आणतात, पण एकेक. वयाच्या १६ वर्षांनंतर मिळालेलं नागरिकत्व असेल तर असा एकच खेळाडू संघात चालतो, हा फिबाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचा नियम. फिलिपिन्सने जस्टिन ब्राउनलीला असंच घेतलं, जॉर्डनने रोंडे हॉलिस-जेफरसनला. २०२३ ला हांगझोच्या आशियाई स्पर्धेत अंतिम सामना याच दोन देशांत झाला, फिलिपिन्स ७०-६० ने जिंकलं. म्हणजे 'एकच' हा आकडा किती मोठा ते बघा.

आपली अडचण वेगळी. दुहेरी नागरिकत्व आपल्याकडे नाही, आणि परदेशी नागरिक झालेल्या आपल्या लोकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर भारताकडून खेळता येत नाही. सिम भुल्लर, ७ फूट ५ इंच, २०१५ ला सॅक्रामेंटो किंग्जकडून एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये, उतरला, भारतीय वंशाचा पहिलाच. पण पासपोर्ट कॅनडाचा. तो सोडून कोण येईल? त्याच वर्षी पंजाबच्या सतनाम सिंग भामराला एनबीएच्याच डॅलसने नव्या खेळाडूंच्या निवडीत (ड्राफ्टमध्ये) ५२व्या क्रमांकावर घेतलं. तो लुधियानाच्या अकादमीत घडलेला, घरचा. मला विचाराल तर तोच रस्ता बरा, लांबचा असला तरी.

सेक्टर बाराची पोस्ट

खारघरहून. मी युनिव्हर्सिटी खेळले, पुढे एका खासगी कंपनीत लागले आणि तिथेच माझा बास्केटबॉल संपला. कोणी कापलं नाही, रजा संपली. कॅम्प म्हणजे तीन-चार आठवडे. आमचा मॅनेजर म्हणाला, "लग्नाची घे, आजारपणाची घे, पण बॉल खेळायची रजा कुठल्या खात्यात टाकू?" रेल्वेत अशी रजा मिळते, म्हणून मुलींच्या संघात रेल्वेच्या मुली इतक्या दिसतात. वशिला नाही तो, हजेरीपुस्तक आहे! भारताकडून खेळलेली गीतू ॲना जोससुद्धा दक्षिण रेल्वेचीच. ताई, तुमचा मुलगा खरंच टिकला तर नोकरीचं हे आधी बघून ठेवा, बारावीच्या मार्कांइतकंच.

आणि काका, तुम्ही नुसतं पुरुषांचंच लिहिलंत. २०१७ ला बेंगळुरूमध्ये मुलींनी आशिया कपची बी डिव्हिजन जिंकली आणि वर गेल्या. आपल्या पुण्याची शिरीन लिमये भारताकडून खेळली. तेही येऊ द्या की वहीत.

नौपाड्याचा स्कोअरर

चूक मान्य. वहीत आहे, इथे लिहायला विसरलो. रजेचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नाही. बँकेत आम्हाला स्पोर्ट्स लीव्ह होती, सुखातला जीव.

कोपरखैरणे कट्टा

एवढं वाचून माझं मत बदललेलं नाही. पण ती लाल-निळ्या पेनाची गंमत आवडली.

ऐरोलीची आई

सगळ्यांचे आभार. उशीर झाला, पण रिकामी बसले नव्हते.

रविवारी वाशीला यांची मैत्रीपूर्ण मॅच होती. शंभर पानी नाही, पण किराण्याची चिठ्ठी लिहायची छोटी वही घेऊन गेले. काका, तुमच्यासारखं सगळं काही मला दिसत नाही. म्हणून एकच गोष्ट मोजायची ठरवली. बॉल आपल्या मुलाकडे नसताना तो किती वेळा नुसता उभा राहतो. कंबरेवर हात ठेवून.

पहिल्या हाफमध्येच खाली बघून रेघा मारायचा कंटाळा आला. तो गोल चेहऱ्याचा मुलगाही होता, समोरच्या संघात. त्याचं नाव माहीत नाही, पण आवाज आता पाठ झालाय. सबंध वेळ बडबडत होता. माझ्या मुलाकडे बॉल आला की हा त्याच्या छातीला चिकटलेला. तीनदा माझ्या मुलाने वैतागून बॉल फेकून दिला. मागच्या वेळी हे दोघं एकाच संघात होते, म्हणून मला दिसलंच नव्हतं.

येताना ट्रेनमध्ये त्याने विचारलं, "किती झाले?"

म्हटलं, "एकवीस."

"एकवीस? मला तर चौदा वाटले."

"पॉइंट नाही रे. उभा राहिलास ते."

वही हातातून घेतली, रेघा मोजल्या, एक चुकीची आहे म्हणून भांडला. मग घणसोलीपासून गप्प.

दोन दिवस माझ्याशी धड बोलत नव्हता. आज सकाळी सहाला मात्र खाली आवाज नाही म्हणून गॅलरीतून डोकावले. पार्किंगच्या पिवळ्या पट्ट्यांवर गुडघे वाकवून आडवा सरकत होता, इकडून तिकडे, तिकडून इकडे. बॉल घरातच, चपलांच्या स्टँडखाली. चेअरमनसाहेब दूध आणायला निघाले होते, त्यांनी थांबून बघितलं आणि पहिल्यांदाच काहीतरी बोलले. "हे चांगलंय," म्हणाले, "आवाज होत नाही."